कीबोर्ड बोलतो, टचपॅड गप्प

नवा लॅपटॉप घरी आला की काहींना पहिल्याच आठवड्यात तो पुसून काढायची सुरसुरी येते. विंडोजबरोबर न मागता आलेली अँटिव्हायरसची ट्रायल, गेम, खरेदीची ॲप हा लवाजमा नको असतो. मग पेन ड्राइव्हवर कोरं विंडोज घ्यायचं, डिस्क साफ करायची आणि पहिल्यापासून सगळं घालायचं. (सेटिंगमधल्या ‘रीसेट’ने हेच केलं तर सहसा फार काही अडत नाही, कारण तिथे असलेले ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारे प्रोग्रॅम, सांभाळून ठेवले जातात. गंमत होते ती पेन ड्राइव्हवाल्यांची.) डेस्कटॉप उघडतो आणि ध्यानात येतं, की टचपॅडवर बोट घासून घासून दमलं तरी बाण जागचा हलत नाही. वाय-फायचं चिन्ह गायब आहे, ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही. कीबोर्ड मात्र ठणठणीत.

दोन बोटांच्या अंतरावर बसवलेल्या या दोघांपैकी एक चालतो आणि दुसरा नाही, हे मला लॅपटॉपमधलं सगळ्यात सुरेख कोडं वाटतं. याचं उत्तर 1984 सालात आहे.

त्या वर्षी आयबीएमने ‘पीसी एटी’ नावाचा संगणक आणला. त्यात कीबोर्ड सांभाळायला 8042 ही वेगळी चिप होती आणि प्रोसेसर तिच्याशी दोन ठरलेल्या पत्त्यांवर बोलायचा. षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीतले आकडे 60 आणि 64 हे ते पत्ते. की दाबली की एक कोड यायचा, सोडली की दुसरा. आजच्या लॅपटॉपात ती चिप शोधून सापडणार नाही. पण मदरबोर्डवरचा एक छोटा कंट्रोलर आपण तीच चिप आहोत असं सोंग अगदी इमानेइतबारे वठवतो. बहुतेक विंडोज लॅपटॉपचा आतला कीबोर्ड आजही त्याच जुन्या दाराने आत येतो, आणि ते दार कुठे आहे हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमला पाठ असतं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

टचपॅडचं घराणं निराळं. तो बसतो ‘आय-टू-सी’ नावाच्या दोन तारांवर. एका तारेवर ठोका, दुसरीवर माहिती. फिलिप्स कंपनीने 1982 मध्ये टीव्हीसारख्या उपकरणांतल्या चिप्सना एकमेकींशी बोलता यावं म्हणून ही काटकसरी व्यवस्था काढली. काटकसर इतकी, की त्यावर बसलेल्या उपकरणाला स्वतःचं नाव सांगायची सोयच ठेवलेली नाही. मग विंडोजला कळतं कसं? लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, एक तक्ता लिहून ठेवलेला असतो. अमुक तारेवर, अमुक पत्त्यावर टचपॅड आहे, अशी त्यात नोंद असते. विंडोज तो तक्ता वाचतं. अशा टचपॅडसाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हरही विंडोजमध्ये आधीपासून असतो. अडतं ते मधल्याच ठिकाणी. त्या दोन तारा चालवणारा कंट्रोलर इंटेलच्या चिपसेटमध्ये बसलेला असतो आणि त्याचा ‘सीरियल आयओ’ हा ड्रायव्हर कोऱ्या विंडोजमध्ये बऱ्याचदा नसतो. पत्ता हातात आहे, माणूस घरात आहे, पण गावाला जायचा पूलच बांधलेला नाही. म्हणून लोक टचपॅडचे ड्रायव्हर शोधशोधून घालतात आणि काही होत नाही. सीरियल आयओ घातला की टचपॅड जागा होतो, कित्येकदा रीस्टार्टचीही वाट न पाहता.

वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स, एसएसडी ही मंडळी पीसीआय या रस्त्यावर राहतात, आणि तिथे मात्र प्रत्येकाला आपली ओळख द्यावीच लागते. लॅपटॉप सुरू होताना प्रोसेसर एकेका पत्त्यावर विचारत जातो, कोण आहे? जागा रिकामी असेल तर उत्तरात सगळे बिट एक येतात. म्हणून तो आकडा कुठल्याच कंपनीला दिलेला नाही. कोणी असेल तर दोन आकडे हाती येतात, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा. कंपन्यांचे आकडे पीसीआय-सिग ही संस्था वाटते. इंटेलचा आकडा आहे 8086. ज्या 1978 च्या प्रोसेसरच्या वंशातले आजचे बहुतेक पीसी, त्याचंच हे नाव. चिप बनवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या त्रिकोणाचं ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड 28 लिहिलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच, की या उपकरणासाठी ड्रायव्हर घातलेले नाहीत. कार्ड बिघडलेलं नाही. आता डिटेल्सच्या पानावर जाऊन हार्डवेअर आयडी निवडा. कंपनी 8086 आणि वस्तू 2723 दिसलं, तर ते इंटेलचं एएक्स200 हे वाय-फाय कार्ड. मॉडेल कोणतं हे पाहायला स्क्रू काढायची गरज नाही. कार्डाने आपलं नाव-गाव आधीच सांगितलेलं असतं.

या आकड्यांवरून विंडोज ड्रायव्हर निवडतं कसा, ही आणखी मजेची गोष्ट. प्रत्येक ड्रायव्हरसोबत एक साधी मजकुराची फाइल असते, तिला आयएनएफ म्हणतात. हा ड्रायव्हर कोणकोणत्या आकड्यांसाठी आहे, याची तीत यादी असते. आकडे जितके नेमके जुळतील तितका त्याचा मान वरचा. दोन ड्रायव्हर बरोबरीला आले तर तारीख पाहतात आणि नवा जिंकतो. इथे एक पेच आहे. विंडोजची नवी आवृत्ती आली की तिच्यासोबतच्या सर्वसाधारण ड्रायव्हरांची तारीख ताजी असणार. मग कंपनीने खास तुमच्या मॉडेलसाठी केलेला, पण थोडा जुना ड्रायव्हर हरणार. यावर मायक्रोसॉफ्टने काढलेला तोडगा पाहून मी थक्क झालो. विंडोजबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरांवर 21 जून 2006 ही एकच तारीख टाकायची. ड्रायव्हर काल लिहिलेला असला तरी तारीख तीच! आपला ड्रायव्हर मागे पडावा आणि कंपनीचा पुढे जावा, यासाठी हा उपद्व्याप.

इंटेल त्याच्याही पुढे गेली. तिच्या चिपसेटच्या फाइलींवर 18 जुलै 1968 ही तारीख दिसते. लोक ती पाहून घाबरतात, व्हायरस की काय म्हणून. तो इंटेलच्या स्थापनेचा दिवस आहे. त्या फाइलींमध्ये बहुतेक वेळा चालवण्याजोगं काही नसतंच, नुसती उपकरणांची नावं असतात. दुसऱ्या कुणाचा खरा ड्रायव्हर उपलब्ध असेल तर त्याच्यावर कुरघोडी होऊ नये म्हणून तारीख इतकी मागे नेलेली. ड्रायव्हर ‘जुना’ दिसतो म्हणून बदलायला धावणाऱ्यांनी आणि ‘तुमचे ड्रायव्हर 50 वर्षं जुने आहेत’ असं सांगून पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरला भुलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ड्रायव्हर नसताना स्क्रीन दिसते, हेही नवलच. सुरू होतानाच फर्मवेअर मेमरीचा एक तुकडा राखून ठेवतं. तिथे जे आकडे लिहाल ते पडद्यावर ठिपके होऊन उमटतात. विंडोजचा ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ एवढंच करतो. ग्राफिक्स चिप जवळजवळ बसून राहते आणि 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके रंगवायचं काम बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतं. म्हणून व्हिडिओ अडखळतात आणि पंखा घोंघावतो.

वाय-फाय कार्डाची कथा तर और आहे. ते स्वतःच एक छोटा संगणक आहे, आत स्वतःचा प्रोसेसर असलेला. पण अशा बऱ्याच कार्डांना चालायला लागणारं फर्मवेअर कार्डात कायमचं साठवलेलं नसतं. प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर डिस्कवरची फाइल उचलून कार्डाच्या मेमरीत भरतो, तेव्हा कुठे कार्डाला रेडिओ कसा चालवायचा ते समजतं. वीज गेली की पुन्हा पाटी कोरी.

आणि तो ड्रायव्हर मिळतो इंटरनेटवर! हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना लॅन केबलचं भोकही नसतं. यातून अँड्रॉइड फोन सोडवतो. केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की फोन आपण नेटवर्क कार्ड आहोत असं सांगतो, आणि त्या प्रकारच्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो. यूएसबीवरचा माउस कुठल्याही कंपनीचा असला तरी चालतो, त्याचंही कारण असंच. यूएसबीने उपकरणांचे प्रकार आधीच ठरवून दिलेत. आयफोन इथे फारसा कामाचा नाही, त्याला ॲपलचा ड्रायव्हर आधी लागतो. एकदा नेट मिळालं की विंडोज अपडेट बरेचसे त्रिकोण स्वतःच मिटवतं. उरलेले लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर सीरियल नंबर टाकून घ्यावेत, भलत्याच संकेतस्थळांवरून नको. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो आणि तिथली चूक सगळं यंत्र पाडते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अशाच ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले, ते त्याच दिवशी.

कधीकधी गाडी याच्याही आधी अडते. इंटेलच्या 11व्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपांत एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते. कोऱ्या विंडोजच्या पेन ड्राइव्हला ती दिसतच नाही, आणि डिस्कांची यादी रिकामी पाहून लोक लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटर गाठतात. इंटेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर अनझिप करून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवायचा, एवढंच काम असतं.

खरं तर पुसण्याआधीच पाच मिनिटं दिली तर यातलं बरंच टळतं. विंडोजमध्येच ‘पीएनपीयूटिल’ नावाची कमांड आहे. ती बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात काढून देते. तो फोल्डर उघडून बघावा. ‘नेटडब्ल्यूटीडब्ल्यू’ने सुरू होणारं नाव इंटेलच्या वाय-फायचं, ‘आयएएलपीएसएस’ने सुरू होणारं सीरियल आयओचं. फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका. नवं विंडोज चढल्यावर तीच कमांड उलट चालवली, की ती सगळ्या उपफोल्डरांतून फिरते, आकडे जुळवते आणि ज्याचा ड्रायव्हर त्याला देऊन टाकते.