चुकीची किंमत आणि मौनाची किंमत

व्यासपीठावरील वक्ता चुकला की श्रोते हसतात. परंतु सर्वच चुका सारख्या तोलाच्या नसतात, हे इंडोनेशियाच्या उदाहरणावरून चांगले उमगते. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, युवक परिषदेने देशातील सर्वांत मोठ्या समूहाची जावानी भाषा बाजूस ठेवून मलय भाषेच्या पायावरील 'बहासा इंडोनेशिया' ही ऐक्याची भाषा म्हणून स्वीकारली. निर्णय दूरदृष्टीचा होता. मात्र त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला सभेत घरच्या नव्हे, तर शिकलेल्या भाषेत बोलणे आले.

मातृभाषा जिभेवरून सहजी हटत नाही. जावानी वक्ता 'बांडुंग'आधी नकळत 'म' लावतो; बाली वक्त्याचा 'त' हा 'ट'कडे झुकतो. हे कानाला खटकेल, पण अर्थाला धक्का लागत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या चुका शिकल्यासवरल्यांच्या आहेत. 'हादिरिन' हा अरबीतून आलेला, आपल्या 'हजर'च्या कुळातला शब्द. 'उपस्थित मंडळी' हा अनेकवचनी अर्थ त्यात मुळातच आहे. तरीही त्याआधी अनेकत्वदर्शक 'पारा' आणि नंतर 'सर्व' या अर्थाचा 'सकालियान' जोडून तेच तीनदा सांगितले जाते. पाहुण्यास पाचारण करताना सूत्रसंचालक 'समय आणि स्थान यांना आम्ही विनंती करतो' अशा अर्थाचे ठरीव वाक्य उच्चारतात. ज्याला बोलवावयाचे तो माणूसच वाक्यातून बेपत्ता!

अध्यक्ष सुहार्तो यांच्या भाषणांत 'दारीपादा' हे अव्यय कारण नसताना येई आणि 'कान' या प्रत्ययाचा 'केन' होई. तो उच्चार त्यांच्या जावानी जिभेचा होता. त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. परंतु अधिकाऱ्यांनी त्याची री ओढली ती जिभेच्या नव्हे, सत्तेच्या ओढीने. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले; साचेबंद बोलण्याची सवय मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला प्रत्येक गोष्टीची किंमत विचारण्याची खोड असते. उच्चारदोषाची किंमत क्षणभराचे हसू एवढीच. पण त्या हसण्याच्या धास्तीने एखादा कोळी गावच्या सभेत गप्प बसला, तर त्याची किंमत सारे गाव मोजते. आमच्या वर्गातही 'न' आणि 'ण' यांच्या भीतीने शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी आपला प्रश्न गिळतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणूनच वक्तृत्व शिकविणाऱ्यांनी, मग ते जाकार्तातील असोत वा येथील, जिभेच्या चुकांना अभय द्यावे आणि पोकळ शब्दांना हटकावे. आज बहुधा याच्या नेमके उलट घडते.