शंभर पत्रं, शून्य उत्तरं

बी.ई. झाल्यावर तिघा-चौघांनी मिळून वेबसाइट बनवायची फर्म काढायची, हे आपल्या कँटीनमधलं दरवर्षीचं स्वप्न. कोडिंग येतं, डिझाइन जमतं, कुणाच्या तरी घरची माडीवरची खोलीही मिळते. मिळत नाही ते गिऱ्हाईक. पहिली दोन कामं नातेवाइकांची (त्यांच्याकडे पैसे कोण मागणार!), तिसरं कुठून आणायचं? यावर एक जुना उपाय आहे. पत्र पाठवायचं. चक्क कागदाचं, तिकीट लावून. मार्केटिंगवाले याला डायरेक्ट मेल म्हणतात.

वेबसाइट विकणाऱ्याने पोस्टाची पेटी शोधावी, हे ऐकायला उलटं वाटेल. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एखादा फाउंड्रीवाला डोळ्यासमोर आणा. "तुमची साइट गुगलच्या पहिल्या पानावर आणतो" छापाच्या मेल्स तो न उघडता उडवतो. जाहिरातीचे एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी नोंदणी लागते, आणि साध्या मोबाइलवरून अनोळखी लोकांना जाहिरातीचे फोन करणं त्या नियमांत बसत नाही. नाव घातलेलं पाकीट मात्र आवक रजिस्टरला चढतं आणि मालकाच्या टेबलापर्यंत जातं. पुढचं तुमच्या हातात.

धंद्याची ही रीत जुनीच आहे. माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ साली शिकागोहून एका कागदाची दरयादी खेडोपाडी पाठवून दुकान उभं केलं. क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ च्या 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' या पुस्तकात तर आपल्या कामाची गोष्ट सांगितली: प्रत्येक जाहिरातीच्या कूपनवर वेगळी खूण ठेवा, म्हणजे कुठल्या जाहिरातीने किती गिऱ्हाईक आणलं ते मोजता येतं. आपल्याला हे आणखी सोपं आहे. प्रत्येक प्रकारच्या पत्रावर वेगळ्या पानाचा पत्ता किंवा क्यूआर कोड छापला की झालं.

आता गंमत मोजण्यात आहे, आणि बहुतेक फर्म इथेच गळपटतात. समजा, शंभरात एक माणूस उत्तर देतो. तुम्ही शंभर पत्रं टाकली आणि महिनाभर वाट पाहिली. एकही उत्तर आलं नाही. निष्कर्ष? "पत्रबित्र आता चालत नाही, सोडा." थांबा! एम-थ्रीचं पुस्तक काढा (रद्दीत दिलं नसेल तर). प्रत्येक पत्राला उत्तर न येण्याची शक्यता ०.९९. शंभरही पत्रं कोरडी जाण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. पत्र उत्तम असूनही तीनातल्या एकीहून जास्त फर्मच्या नशिबी शून्यच येणार. तीनशे पत्रं टाकली तर ही शक्यता ५ टक्क्यांवर येते. म्हणून पैसे बाजूला काढताना तीनशे पत्रांचे काढा. शंभराचेच असतील तर ते अजून साठू द्या.

दुसरा घोटाळा तुलनेचा. दोन तऱ्हेची पत्रं प्रत्येकी दीडशे पाठवली. एकाला ३ उत्तरं आली, दुसऱ्याला १. लगेच "पहिलं पत्र तिप्पट भारी" असं ठरवून टाकतात. पण दोन्ही पत्रं सारख्याच ताकदीची असतील, तर चार उत्तरांची वाटणी ३-१ किंवा ४-० अशी होणं १६ पैकी १० वेळा घडतं. चार नाणी उडवून बघा.

खर्चाचं म्हणाल तर २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपये तिकीट, त्यापुढे दर २० ग्रॅमला आणखी ५. ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद जवळजवळ ५ ग्रॅम भरतो, म्हणजे दोन कागद आणि साधं पाकीट आरामात बसतं. चकचकीत ब्रोशर घातलं की तिकीट दुप्पट. तसंही ते ब्रोशर कोण वाचतं? कागद, छपाई, पाकीट धरून पत्रामागे १० रुपये धरा. तीनशेचे ३,००० झाले. त्यातून तीन चौकश्या आणि एक २०-२५ हजारांचं काम निघालं, तरी हिशेब जमतो.

पत्रात काय लिहायचं? "आम्ही तरुण, उत्साही, सर्जनशील इंजिनिअर्स" हे अजिबात नको. त्याच्याबद्दल लिहा. "आपल्या साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरून पाहिला. पाठवल्यावर एरर येतो, त्यामुळे आलेल्या चौकश्या आपल्यापर्यंत पोचत नसाव्यात." हे एक वाक्य पुरे. त्यासाठी प्रत्येक साइट आधी मोबाइलवर उघडून बघावी लागते, एकेकीला दहा मिनिटं. तीनशेचे ५० तास! पत्राची खरी किंमत ही आहे, तिकिटाची नव्हे. फक्त पाहायचं ते कुठल्याही गिऱ्हाइकाला दिसेल तेवढंच. परवानगीशिवाय त्याच्या सर्व्हरमध्ये डोकावलात तर आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ आहे, आणि पत्रावर तुमचा पत्ता तुम्हीच छापलेला असतो.

पत्ते विकत घेऊ नका. एमआयडीसीतून एक चक्कर मारा, गेटवरच्या पाट्या वाचा, मालकाचं नाव विचारून घ्या. आडनाव चुकलं तर पुढचं कोणी वाचत नाही. पत्र मराठीत, स्वच्छ, खाली शाईची सही. सगळी एका दिवशी टाकू नका, रोज वीस टाका, म्हणजे कोणी "या बरं उद्या" म्हणालंच तर जायला माणूस मोकळा असेल. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्याच पत्त्यावर दुसरं, छोटं पत्र. तोवर त्याचा फॉर्म दुरुस्त झाला असेल, तर ते पत्र पाठवायचं नाही. तो पत्ता यादीतून काढा.