रागाची वेळ आणि घरचें श्रवण

गायन ही जशी विद्या आहे तशीच श्रवण हीहि एक विद्या आहे. आणि तिचा पहिला धडा कोणता असें कोणी विचारल्यास 'वेळेचें भान' हेंच उत्तर मी देईन. आपल्या हिंदुस्थानी संगीतांत राग व प्रहर यांचें नातें फार जुनें आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त रागांचे गानसमय सांगितले आहेत. पुढें पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं या विचारास शास्त्राची शिस्त लाविली व मध्यमास 'अध्वदर्शक' स्वर मानिलें. अध्वन् म्हणजे मार्ग. प्रभातीच्या भैरवांत मध्यम शुद्ध असतो, सायंकाळच्या मारव्यांत तो तीव्र होतो. एका स्वरावरून दिवस कोणीकडे झुकला हें जाणत्या कानास कळतें.

याचें सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे मारवा, पूरिया व सोहनी ही त्रयी. तिघांचे स्वर तेच सहा: षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत व शुद्ध निषाद. पंचम तिघांतहि वर्ज्य. तरी मारवा सूर्यास्ताचा, पूरिया रात्रीच्या आरंभीचा आणि सोहनी रात्रीच्या अखेरच्या प्रहराची. मारवा ऋषभ-धैवतांवर रेंगाळतो आणि षड्जाची विश्रांति लांबवीत राहतो. पूरिया गंधार-निषादांच्या आधारानें मंद्र सप्तकांत खोल उतरते. सोहनी तार षड्जाभोंवतीं चमकत राहते. आमच्या घरीं पेटी शिकणाऱ्या बारा वर्षांच्या नातवास हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, पट्ट्या त्याच, मग राग तीन कसे?" मीं उत्तर न देतां त्यास आठवडाभर तिन्ही राग आपापल्या वेळीं ऐकविले. आठव्या दिवशीं त्यानें तो प्रश्न पुन्हा केला नाहीं, "पूरिया कधीं लावायची?" एवढेंच विचारलें.

मात्र हे शिक्षण आतां मैफिलींतून मिळणें दुर्मिळ झालें आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पं. भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तेथें पूर्वी रात्र रात्र गाणें चाले, आणि उत्तररात्रीचे राग उत्तररात्रींच कानीं पडत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी घातली. वर्षांतील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळूं शकते. आजारी माणसांस व विद्यार्थ्यांस झोप मिळावी हें योग्यच होय. परंतु त्यामुळें सोहनीस मंडपांत घर उरलें नाहीं. बहुतेक कुटुंबांस ती ठाऊक असते ती 'मुघल-ए-आझम' (१९६०) या बोलपटांत बडे गुलाम अली खाँ यांनीं गाइली तेवढीच.

ध्वनिमुद्रिकेनें गाणें घरोघर नेलें, हे तिचे उपकार मोठे. पण वेळेचें भान तिच्यापाशीं नसतें. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या एका सुप्रसिद्ध तबकडीच्या एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी कानडा आहे. तबकडी उलटतांच सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंतची वाटचाल क्षणांत संपते! आतां तर तबकडी उलटण्याचेहि श्रम नाहींत. खिशांतील यंत्रांत आठहि प्रहर एकत्र नांदतात.

कोणी म्हणतील, दाक्षिणात्य गवई मैफिलींत वेळेचें बंधन फारसें पाळीत नाहींत. त्यांचें गाणें कोठें फिकें पडतें? आक्षेप रास्त आहे. वेळ ही स्वराच्या कंपनांत नसून ऐकणाराच्या संस्कारांत असते. पण संस्कार म्हणून ती क्षुल्लक ठरत नाहीं. रामरक्षा दुपारीं म्हटली तर ती अशुद्ध होत नाहीं. तरी दिवेलागणीस ऐकलेली रामरक्षा माणूस जन्मभर विसरत नाहीं. संस्कार घडतो तो अशा नित्याच्या जोडणीनें, आणि ती जोडणी करण्याचें स्थान घर हेंच होय.

म्हणून माझी सूचना साधी आहे. देवापाशीं दिवा लागला कीं वीस मिनिटें मारवा लावावा. त्या वेळांत दुसरा राग नको, बोलणें नको, आणि लहानांस मधूनच उठविणेंहि नको. रात्रीच्या जेवणानंतर पूरिया ऐकावी. घरांत कोणी वडीलधारें माणूस ब्राह्म मुहूर्तीं उठत असेल तर त्यानें आपल्या खोलींत मंद आवाजांत सोहनी लावावी; परीक्षेचा अभ्यास करावयास उठलेल्या नातीच्या कानीं ती गेली तर बिघडत नाहीं. रागांचीं नांवें मुलांकडून पाठ करून घेण्याची घाई करूं नये. कान तयार झाला कीं नांव आपणहून विचारलें जातें.

मंडपांतून उठलेल्या उत्तररात्रीस असा घरांत आसरा मिळाला, तर पुढची पिढी सोहनी आणि मारवा यांस एकच समजणार नाहीं. कुटुंबानें इतकें जपलें तरी पुष्कळ झालें.