मराठी संकेतस्थळ: फॉन्ट बदलला म्हणजे काम झाले?

मराठीत संकेतस्थळ हवे म्हटले की बहुतेक ठिकाणी आधी इंग्रजी पान तयार होते आणि मग त्याच चौकटीत मराठी मजकूर ओतला जातो. फॉन्ट बदलला की काम झाले, हा यातला पहिला गैरसमज, आणि वाचकाला तोच सर्वांत जास्त छळतो.

देवनागरीची उभी जागा रोमन लिपीपेक्षा जास्त असते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. इंग्रजीला पुरणारे दोन ओळींतले अंतर आपल्याला पुरत नाही. मग वरच्या ओळीतल्या ‘कुटुंब’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘सर्वांगीण’च्या रफारावर आदळतो, आणि बटणात तर वेलांटीचा शेंडाच कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या निदान दीडपट आणि सलग लेखात त्याहून थोडी अधिक ठेवली, तर डोळ्यांवरचा ताण लगेच कमी होतो. अक्षरही इंग्रजीपेक्षा किंचित मोठे घ्यावे, कारण जोडाक्षरांतले बारकावे लहान आकारात मिसळून जातात.

मथळा मोकळा दिसावा म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची पद्धत रोमन लिपीत शोभते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होऊन जातो. तिरप्या अक्षरांचेही तसेच. फॉन्टमध्ये तसा प्रकार नसला तर ब्राउझर सरळ अक्षरच यंत्रवत कलते करतो आणि ते वाकडे दिसते. जोर द्यायचा असेल तर ठळक अक्षर पुरेसे आहे. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. पान मराठीत आहे अशी नोंद त्याच्या कोडमध्ये करावी लागते. काही फॉन्ट ती नोंद पाहूनच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात. इंग्रजीची नोंद तशीच राहिली, तर अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचण्याचा प्रयत्न करतो.

दुसरा गैरसमज असा, की डोळ्यांना मराठी दिसते म्हणजे संगणकालाही ती मराठीच कळते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर आणि परिपत्रकांची स्कॅन केलेली चित्रे अजून चढवली जातात. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची निरर्थक ओळ. स्कॅनमध्ये तर अक्षरेच नसतात. असा मजकूर शोधता येत नाही, नीट नक्कल करता येत नाही आणि एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरलाही तो वाचता येत नाही.

युनिकोड वापरूनही खाचखळगे उरतात. ‘ॲप’मधला ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, पण ‘अ’ला चंद्र जोडूनही अगदी तसेच दिसणारे रूप टंकता येते. संगणकासाठी ही दोन वेगळी रूपे आहेत. साइटवरचा शोध ती जुळवून घेत नसेल, तर समोर दिसणारा शब्द शोधूनही सापडत नाही. अर्जांत हीच गत अंकांची होते. मराठी कीबोर्डवरून मोबाइल क्रमांक ९८… असा भरला की ‘अवैध नोंद’ असा लाल शेरा येतो. देवनागरी अंकांचे रूपांतर हे संगणकासाठी अगदी किरकोळ काम आहे. ते न करता, मराठी पानावर मराठी अंक लिहिणाऱ्यालाच चुकीचे ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

तिसरा गैरसमज मांडणीचा. कोणतीही गोष्ट तीन क्लिकमध्ये सापडलीच पाहिजे, हा नियम अनेक बैठकांत ऐकू येतो. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये वापरकर्त्यांच्या चाचण्यांवरून दाखवले, की क्लिकची संख्या वाढली म्हणून लोक सोडून जात नाहीत. आपण योग्य वाटेवर आहोत याची प्रत्येक पायरीला खात्री पटली पाहिजे, एवढेच त्यांना हवे असते. या नियमाच्या भीतीने सगळे काही मुख्य पानावर कोंबले जाते आणि त्यात सरकत्या सूचना व फिरती चित्रे येतात. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर २०१३ मध्ये मोजणी झाली, तेव्हा मुख्य पानावर आलेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांनीच फिरत्या चित्रांवर क्लिक केले होते, तेही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर.

सुगम्यतेसाठी, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावे म्हणून, पानाच्या वर ‘अ+ अ अ-’ अशी बटणे किंवा तयार उपकरण बसवले की पुरे, हाही भ्रम आहे. आपल्या उपकरणाने कोणतेही संकेतस्थळ आपोआप सुगम्य होते, असा दावा ‘ॲक्सेसिबी’ ही कंपनी करत होती. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०२५ मध्ये तिला १० लाख डॉलर भरावे लागले. खरे काम पानाच्या रचनेतच करावे लागते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी प्रकाशभेद निदान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे या कसोटीत नापास होतात. भर उन्हात बसथांब्यावर मोबाइल पाहणाऱ्यालाही ती दिसत नाहीत, मग त्याची नजर कितीही चांगली असो.

भाषेचा गैरसमज जुना आहे: सोपी मराठी म्हणजे हलकी मराठी. ‘प्रस्तुत आवेदन सादरीकरणार्थ पुढे जा’ याऐवजी ‘अर्ज भरा’ लिहिल्याने कार्यालयाची प्रतिष्ठा कमी होत नाही. ‘अवैध नोंद’ऐवजी ‘पिन कोडमध्ये ६ अंक हवेत’ असे लिहिले, तर माणूस चूक सुधारून पुढे जातो.

संकेतस्थळ करवून घेणाऱ्या संस्थांना एक विनंती आहे. उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी ते पाच सामान्य माणसांच्या हातात द्या. त्यांत एखादी आजी असावी, एखादा स्क्रीन रीडर वापरणारा असावा, आणि साधन त्यांचा स्वतःचा मोबाइल असावा. त्यांना एक खरे काम सांगा आणि शेजारी गप्प बसून ते कुठे अडतात ते टिपा. एवढ्या लहान चाचणीतही बहुतेक मोठे दोष वर येतात, असे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन २००० सालापासून सांगत आले आहेत. त्या दुरुस्त्या करून मगच संकेतस्थळ खुले करा.