दारात जाऊन विचारा

गरजूने बँकेची पायरी चढावी, ही आपली रूढ समजूत. बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावी 1976 साली मुहम्मद युनुस उलट दारोदार हिंडले. बांबूची बसकी विणणारी बाई व्यापाऱ्याकडून उधारीने माल घेई, त्यालाच त्याच्या भावाने विकी. दिवसाकाठी हाती पन्नास पैसे. (आमच्या बुरूड बांधवांना हे समजावून सांगायला नको.) अशा 42 जणांची गरज अवघी 856 टक्यांची!

1983 साली ग्रामीण बँक स्थापन झाली. दर आठवड्याच्या गावबैठकीत हप्त्याबरोबर धंद्याची हालहवाल कळे. कर्जदार बायाच बँकेच्या भागधारक झाल्या, संचालक मंडळावर बसल्या. परंतु त्याच बैठकीत हप्ता चुकलेल्या बाईवर शेजारणींचे दडपण येते, ही टीकाही खरी. मग तिथे ती आपली अडचण सांगेल कशी?