वाल सोलणार कोण?

पेणच्या रामवाडीत शाकाहारी माणूस शोधायचा तर आधी वार विचारावा लागतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि सबंध श्रावण आम्ही शाकाहारी. उरलेल्या दिवशी खाडीतून जे येईल ते. बारमाही शाकाहारी घरंही आहेत, पण थोडी. तरी मासळी नसलेले दिवस मोजले तर ते निम्म्या वर्षाहून थोडे जास्तच भरतात. या निम्म्या वर्षाच्या ताटात गेल्या पन्नास वर्षांत काय आलं, काय गेलं आणि का, हे आठवत बसण्याचं निमित्त साधंच होतं. अलीकडेच आईने फोनवर विचारलं, "सोमवारी येतोस ना? मग वाल भिजत घालते." फोन शनिवारी आला होता. वालाचं बिरडं खायचं तर दोन दिवस आधी सांगावं लागतं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, उपसून फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि अंगठ्याने दाबून एकेक दाणा सालातून बाहेर काढायचा. एकेक. घरात आठ माणसं असली की हे काम दुपारचे दोन तास खातं. सोललेल्या दाण्यांना आम्ही डाळिंब्या म्हणतो. त्यांचा पातळ रस्सा म्हणजे बिरडं. भातात घातल्या की डाळिंबी भात. साल काढल्याने कडूपणा जातो, आणि मोड आणल्याने धान्यातली लोह-जस्त अडवून धरणारी फायटेट नावाची द्रव्यं कमी होतात. हे दुसरं आजीला माहीत नव्हतं. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी आणि वालात भरपूर, वालात मेथिओनिन कमी आणि तांदळात पुरेसं, म्हणून दोघं एका ताटात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, हेही तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की सोमवारी भाताबरोबर काहीतरी हवं.

शिवाय ते शेतातच होतं. भात कापला की खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल टाकायचे. पाणी द्यायचं नाही. माघ-फाल्गुनात शेंगा हाताशी. थंडीत त्याच शेंगा, भामरूडचा पाला तळाला आणि तोंडाला लावून, मडक्यात घालून मडकं उपडं करायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. ही आमची पोपटी. हल्ली पोपटी म्हटलं की लोक कोंबडी विचारतात. माझ्या लहानपणी शेंगा, बटाटे, कोनफळाचे तुकडे आणि ओव्याची चिमूट एवढ्यावर ती भागायची.

रामवाडीचं वेगळेपण असं की इथे एसटीचं विभागीय कार्यालय आणि कार्यशाळा. माणसं बदलून यायची आणि येताना आपलं धान्य घेऊन यायची. शेजारच्या काकू साताऱ्याकडच्या. त्यांच्यामुळे आमच्या घरात बाजरीची भाकरी, जवसाची आणि कारळ्याची चटणी, मटकीची उसळ शिरली. गावाहून पिशवी यायची ती ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. काकू आमच्या वालांना पावटे म्हणायच्या, आजी त्यांच्या हुलग्यांना कुळीथ म्हणायची, आणि दोघी एकमेकींना दुरुस्त करायच्या. कुळीथ आणि हुलगे एकच, हे कळायला एक पावसाळा गेला. ताटात सकस म्हणून जे आलं त्यातलं पहिलं आलं ते असं, बदलीच्या हुकुमातून. आहारतज्ज्ञ तेव्हा रामवाडीत नव्हता. चटण्या लगेच रुळल्या, कारण एकदा कुटून ठेवल्या की पंधरा दिवस बघायला नको. बाजरी मात्र काकूंची बदली झाली तशी गेली.

पावसाळ्याच्या तोंडाला कातकरी बाया टोपल्या घेऊन नाक्यावर बसत, अजूनही बसतात. आधी शेवळं येतात, मग टाकळा, कुलूची भाजी, भारंगी, कुरडू, कंटोळी. प्रत्येकीची एक खोड असते. शेवळं काकडाच्या फळांशिवाय शिजवली तर घशाला खाज सुटते. कुलूच्या जुडीतला मधला कडक दांडा काढून टाकावा लागतो. भारंगी उकडून पिळल्याशिवाय तोंडात धरवत नाही, आणि मग तीत भिजवलेले वाल घालतात. पालेभाजी आणि कडधान्य एका कढईत. वर लिंबू पिळलं की पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, तेही चवीपायी आपोआप होत असे. आता कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे फलकावर प्रत्येक भाजीचे गुण लिहिलेले असतात. ती ओळखायची कशी, डोंगराच्या कोणत्या उतारावर केव्हा मिळते आणि टोपली भरायला किती पहाट चालावं लागतं, हे टोपलीवाल्या बाईला ठाऊक असतं. फलकावर ते नसतं. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही म्हणून आपण परसातल्या भाज्या गोळा करतो. बाईच्या श्रमाचं खायचं नाही, असं व्रत कुणी काढलं नाही.

ताट मुद्दाम सकस करायचे प्रयत्नही झाले. विनोबा आमच्याच तालुक्यातल्या गागोद्याचे. पेणला ते फार राहिले नाहीत, पण पुढे ज्या वर्ध्यात त्यांनी आयुष्य काढलं तिथे १९३५ साली मगनवाडीत गांधीजी सोयाबीन शिजवून पाहत होते, हातसडीचा तांदूळ, गूळ आणि कच्चा पाला यांवर 'हरिजन'मध्ये लिहीत होते. त्यातलं रामवाडीपर्यंत काय पोचलं? हातसडीचा तांदूळ नाही. गिरणीचा पांढरा तांदूळ बघता बघता प्रतिष्ठेचा झाला. कच्चा पाला तर नाहीच. सोयाबीन पोचलं, पण पन्नासेक वर्षांनी आणि वडीच्या रूपात. सोयावडी कोमट पाण्यात टाकायची, पिळायची, फोडणीला द्यायची; सारा खटाटोप पाऊण तासात आटोपतो. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, वालात वीस-पंचवीस, तांदळात सात-आठ. आकडा बघून ती कुणी आणली नाही. आई तेव्हा नोकरीला लागली होती, म्हणून आणली. वडीला वालाची चव नाही, हे आम्ही सगळ्यांनी बोलून दाखवलं आणि ताटं पुसून खाल्ली.

वाल शेतातूनही सरकत गेले. कारखाने, महामार्गाचं रुंदीकरण, बिगरशेती झालेले पट्टे. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी सेझसाठीच्या भूसंपादनाबद्दल मतदान केलं तेव्हा चर्चा भाताच्या जमिनीची होती. भातामागून येणाऱ्या वालाचं नाव भाषणात क्वचितच आलं. ते संपादन पुढे बारगळलं. वाल पिकतात अजून, पण घरापुरते कमी आणि विकायला जास्त, आणि भाव ऐकून माणूस मटकीकडे वळतो.

नाचणीचं उलटं झालं. डोंगरउतारावरची, गरिबाची म्हणून ती आमच्या घरातून आधीच गेली होती. फक्त तान्ह्या बाळाला सत्त्व. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, ही माहिती २०२३ च्या भरडधान्य वर्षात सगळ्यांना तोंडपाठ झाली. आता बेकरीत नाचणीची बिस्किटं मिळतात. पाकिटामागचे घटक वाचले तर पहिलं नाव बहुतेक वेळा मैद्याचं असतं.

शाळेची खिचडी हा या गोष्टीतला मला सर्वांत बोलका भाग वाटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, शाकाहारी मुलाला केळं. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, केळ्यात एक. केळ्याशी माझं वैर नाही, पण अंड्याच्या बदली मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे का सुचले नाहीत? केळं सोलायला सोपं, हेच कारण असावं. २०२४ मध्ये मोड आलेली कडधान्यं आणि नाचणीसत्त्व पाककृतीत आलं. कागदावर हे आजीच्या ताटापेक्षा सरस आहे. मोड आणणार कोण, तर महिन्याला अडीच हजार रुपये मानधनावर असलेली स्वयंपाकी बाई. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी सरकारने काढून घेतला आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे जुनं ताटच बरं होतं. तसं मला म्हणायचं नाही. त्या ताटात तेल कमी, दूध तर चहापुरतं. शाकाहारात बी-१२ कमी पडतं. ते वनस्पतीत नसतंच, त्यामुळे दूध-दही नसेल तर रानभाज्यांचा ढीगही कामाचा नाही. आणि आजी शेवटी जेवायची. दोन तास सोललेल्या डाळिंब्यांपैकी तिच्या वाटीत रस्सा आणि तळाचे चार दाणे यायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; त्याआधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. म्हणजे सोयावडी आली, तरी ज्यांच्या हातून हे सगळं ताटात पडतं त्यांचा आकडा वरच गेला.

पेणच्या बाजारात आता सोललेलं बिरडं पिशवीत मिळतं. पापड, मिरगुंड आणि पोह्यांच्या शेजारीच असतं. न सोललेल्या वालांपेक्षा बरंच महाग, आणि महाग असायलाच हवं. आईला ते चालत नाही; तिच्या मते त्याला वास येतो.

तर गेल्या सोमवारी मी सकाळीच पोचलो. वालांना छान मोड आले होते. आईच्या अंगठ्यात आता जोर नाही, म्हणून पातेलं माझ्यापुढे सरकवलं. पन्नास वर्षं बिरडं खाल्लं, पण सोलायला पहिल्यांदा बसलो होतो. पावशेर वालांना पाऊण तास लागला. बोटं सुरकुतली, नखं दुखायला लागली, निम्मे दाणे दुभंगले. आईने चष्मा लावला, माझी वाटी जवळ ओढली, साल चिकटलेले दाणे एकेक करून वेचले आणि परत माझ्या पातेल्यात टाकले.

"अकरा वाजले," म्हणाली. "भात लावायचाय अजून."