दोन वह्या : मजुरीची आणि अपघाताची

कारखान्याच्या कचेरीत वह्यांना तोटा नसतो. मालाची आवक, मालाची जावक, उधारी, विजेचे बिल, साऱ्यांची वही असते आणि मालक ती रोज डोळ्यांखालून घालतो. दोन वह्यांकडे मात्र सवड मिळेल तेव्हा पाहिले जाते. एक मजुरीची आणि दुसरी अपघाताची. आज या वह्या पुष्कळ ठिकाणी संगणकात गेल्या आहेत. ते असो, नोंद ती नोंदच. या दोन वह्या नीट असल्या तर कामगाराचे घर संकटात तरते आणि मालकही कज्जेखटल्यांतून वाचतो. त्या कशा ठेवाव्यात, त्यांमागचे नियम काय आणि नियम बदलले तर ते आपल्याला कळावे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्याकडे या दोन गोष्टी पहिल्यापासून जोडीनेच आल्या आहेत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती, दुपारी अर्धा तास विसावा मागितला होता. आणि आणखी दोन मागण्या होत्या. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जबर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व कायमचे पंगुत्व आले तर पोटापाण्याची सोय व्हावी. या मागण्या कायद्यात उतरायला फार वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, पगार वेळेवर देण्याचा १९३६ साली आणि किमान वेतनाचा १९४८ साली.

हे सारे जुने कायदे आता चार संहितांत गोळा केले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. मजुरीपुरती वेतन संहिता, २०१९ पाहावी. दुखापतीची भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आणि अपघाताची वर्दी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेत आहे. नावे लांबलचक आहेत, पण घाबरण्याचे कारण नाही. कलमे पाठ करणे हे वकिलाचे काम. आपल्याला आठवणीत ठेवायच्या आहेत त्या काही तारखा आणि थोडे आकडे.

आधी मजुरी घेऊ. किमान वेतन म्हणजे मालकाने खूश होऊन दिलेली रक्कम नव्हे. त्याच्या खाली जाण्याची कायद्याने मनाई आहे. मग तो आकडा ठरतो कसा? १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचा हिशेब घालून दिला. कमावता कामगार, त्याची बायको आणि दोन मुले यांचे मिळून तीन खाणारे धरायचे. माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, वर्षाला माणशी १८ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकंदर वेतनाचा पाचवा हिस्सा. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण व लग्नकार्य यांसाठी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले. म्हणजे पाहा, आकडा कोरडा दिसतो, पण त्याच्या आत एक स्वयंपाकघर आहे आणि एक शाळेचे दप्तरही आहे. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात याच न्यायालयाने असेही सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेने मना केलेली सक्तीची मजुरीच होय. मजूर आपणहून तयार झाला असला तरीही.

पूर्वी हे वेतन ठराविक धंद्यांपुरते असे. आपला धंदा अनुसूचीत नाही, असे सांगून पुष्कळजण सुटत. वेतन संहितेने ही पळवाट बुजवली. आता किमान वेतनाचा हक्क प्रत्येक कामगाराला आहे. केंद्र सरकारने तळाचे वेतन ठरवायचे आणि राज्याने त्याच्या खाली उतरायचे नाही, अशीही तरतूद आहे.

आता गंमत अशी, की हा आकडा एका जागी थांबत नाही. मूळ दराचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांत व्हायला हवा. पण पाच वर्षे बाजारभाव थांबत नाहीत, म्हणून मूळ दरावर विशेष भत्ता असतो. तो ग्राहक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांपासून, तो बदलण्याची रीत आहे. शिवाय कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेत, आणि शहर मोठे की गाव लहान यावरून परिमंडळे आहेत. म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या भावाचा पगार ऐकून आपला ठरवू नये.

चूक घडते ती इथेच. भत्ता वाढल्याचा कागद जाहीर होतो आणि कचेरीत मागल्याच दराने पगार निघत राहतो. महिन्याला दोनचारशे रुपयांचा फरक. कामगाराला वाटते, एवढ्यासाठी कुठे भांडायचे! मालकाला वाटते, कोण विचारतो! पण वीस माणसे आणि तीन वर्षे धरा. महिना तीनशे रुपयांप्रमाणेसुद्धा ही थकबाकी २ लाख १६ हजारांवर जाते. तीन वर्षांपर्यंतच्या थकबाकीसाठी अर्ज करता येतो आणि तिच्यावर दहा पटींपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. त्यातही पैसे दिले होते हे शाबीत करण्याचा भार मालकावर आहे. वही नसेल तर तो शाबीत करणार कशाने?

मजुरीच्या आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मासिक पगार पुढल्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सुटली किंवा सोडली तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. जादा कामाचा दर दुप्पट. आणि उचल, दंड, खाडे मिळून कितीही कपात निघाली तरी ती पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. पगारासोबत पगारचिठ्ठी मागावी आणि ती जपून ठेवावी. नेमणुकीचे पत्र देणेही आता मालकावर बंधनकारक आहे. “पत्र कशाला, आपण घरचीच माणसं” असे कोणी म्हणाले तर हसून म्हणावे, “घरचेच आहोत, म्हणून तर लिहून द्या.”

या साऱ्याचा अपघाताशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध फार जवळचा आहे. भरपाईची रक्कम मोजली जाते ती पगारावरून.

समजा, पत्र्याचे सुटे भाग पाडणारा सातआठ माणसांचा एक छोटा कारखाना आहे. तिशीतला एक कामगार पॉवर प्रेसवर आहे. उत्पादन वाढावे म्हणून यंत्राची जाळी काढून ठेवलेली. हात मागे घेण्याआधी प्रेस खाली आला आणि उजव्या हाताचा अंगठा गेला. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असे धरतात. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. आता हिशेब असा : मासिक पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक, आणि त्याचे ३० टक्के. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. पगार १२,००० रुपये असेल तर भरपाई होते सुमारे ४ लाख ४९ हजार. पण मालकाने कागदावर पगार ८,००० दाखवला असेल तर तीच भरपाई होते सुमारे २ लाख ९९ हजार. एका खोट्या आकड्याने दीड लाख रुपये गेले, आणि अंगठा गेला तो गेलाच. म्हणून म्हणतो, मजुरीच्या वहीतली चूक ही अपघाताच्या वहीतही उतरते.

हात बरा होईपर्यंत घरी बसावे लागले तर? त्या काळात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम मालकाने द्यायची, म्हणजे महिन्याला अर्धा पगार. मृत्यू ओढवला तर पगाराचे ५० टक्के गुणिले गुणक, अशी रक्कम वारसांना मिळते. ही रक्कम मालकाने परस्पर घरी नेऊन द्यायची नसते. ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. दुःखात बुडालेल्या बाईच्या हातात थोडे पैसे ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याचे प्रकार टळावेत, हाच त्यामागचा हेतू. वाटेतला अपघातही आता कायद्यात आला आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना अपघात झाला, आणि वेळ, जागा व कारण यांचा कामाशी संबंध दिसला, तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला जाताना दगावला होता. त्याच्या वारसांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली मान्य केला. बावीस वर्षे लागली. म्हणून तर पहिल्या दिवसाचा कागद महत्त्वाचा.

दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे बहुधा राज्य कामगार विमा योजना लागू असते. मग भरपाई मालकाकडून न मागता विमा महामंडळाकडून घ्यायची. तिथे कामावरच्या दुखापतीसाठी सरासरी रोजाच्या ९० टक्क्यांप्रमाणे पैसे मिळतात, उपचारही मिळतात, आणि नोकरीला लागून किती दिवस झाले असा सवाल नसतो. मात्र नाव नोंदलेले हवे. अपघात झाल्यावर त्याच दिवशी घाईने नोंदणी करणे हा संशय ओढवून घेण्याचा राजमार्ग आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या मालकाने भरपाईसाठी विमा उतरवून ठेवावा. एका अपघाताची भरपाई छोट्या कारखान्याची वर्षाची कमाई नेऊ शकते.

आता वर्दीचे पाहू. अपघातात मृत्यू झाला, किंवा जखमी माणूस ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर सरकारी अधिकाऱ्याला वर्दी देणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. कारखान्यांसाठी आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. कोणी जखमी झाले नाही, पण बॉयलर फुटला किंवा क्रेन कोसळली, तरी कळवावे लागते. हा जुलूम नव्हे. आज रिकाम्या जागी कोसळलेली क्रेन उद्या माणसावर कोसळू शकते. वर्दी दिली तर मध्ये एक तपासणी होते.

पण वर्दीच्या आधी एक कागद तयार होतो, आणि पुष्कळ दावे तिथेच बुडतात. तो म्हणजे दवाखान्यातला केसपेपर. डॉक्टर विचारतात, “काय झालं?” सोबत आलेला माणूस म्हणतो, “घरी पडला.” पोलिसांची भानगड नको, सरकारी तपास नको, औषधाचा खर्च शेठ करणारच आहेत. कामगारही मान डोलावतो. दोन महिन्यांनी शेठ ओळख देत नाहीत आणि हातातला कागद सांगतो, घरी पडला. म्हणून, वेदना कितीही असो, डॉक्टरांना खरे तेच सांगावे : कुठे, कोणत्या यंत्रावर, किती वाजता. सोबत्यांनी तर ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण जखमी माणूस शुद्धीवर असेलच असे नाही.

मग मालकाला लेखी कळवावे. त्यासाठी वकिली भाषा लागत नाही. जखमीचे नाव, पत्ता, अपघाताची तारीख आणि कारण, साध्या भाषेत, बस. एक प्रत आपल्याकडे ठेवावी. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आपसात तडजोड झाली तर ती सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावी. “माझा काही हक्क राहिला नाही” असे आधीच लिहून घेतलेला कागद कायद्यात टिकत नाही.

“चूक त्याचीच होती” हे उत्तर तर नेहमीचे. घाई, थकवा, डुलकी यांमुळे हात गेला तरी भरपाई बुडत नाही. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडणे, संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे, असे अपवाद आहेत. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही लागू नाहीत. आणि जाळी उत्पादनासाठी मुकादमाने काढायला लावली असेल तर ती कामगाराने काढली असे कसे म्हणावे? माणूस ठेकेदाराचा होता, हेही उत्तर चालत नाही. ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

राहता राहिला प्रश्न, नियम बदलले हे कळावे कसे. दर व नियम शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणीही कामगार अधिकाऱ्याची कचेरी असते. नव्या संहितांप्रमाणे निरीक्षकाचे काम केवळ पकडण्याचे नाही, माहिती देण्याचेही आहे. तेव्हा विचारायला संकोचू नये. कचेरीच्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच. तिच्यावर १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांभोवती लाल वर्तुळ करावे आणि त्या आठवड्यात नवा भत्ता विचारून घ्यावा. प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेलाही खूण करावी. तिच्याच खाली लिहून ठेवावे : ४८ तास वर्दीचे, दोन वर्षे भरपाईची, तीन वर्षे थकबाकीची.

मालकांनो, ही वही तुमच्या विरुद्धची साक्षीदार नाही. तुम्ही पैसे दिलेत हे सांगणारी तुमची एकमेव साक्षीदार तीच आहे. आणि कामगार बंधुभगिनींनो, सही करण्याआधी आकडा वाचावा, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावा. त्यात कोणाचा अपमान होत नाही. पुढल्या पगाराच्या दिवशी चिठ्ठीवरचा मूळ दर आणि विशेष भत्ता वेगवेगळे लिहिले आहेत की नाहीत, तेवढे पाहा. सुरुवात तिथून करता येते.